तारणाचे मोल

उपकार स्मरणे हा मनुष्याचा सहज धर्म आहे, असे आपण समजतो. परंतु झालेल्या उपकाराचे खरे स्वरूप ओळखून तो स्मरणे ही गोष्ट तितकीशी सहज नाही. ख्रिस्ती मंडळीच्या प्रत्येक उपासनेत उपकारस्तुतीची प्रार्थना होते. रात्र सुखरूप गेली, प्रवास निर्विघ्न पार पडला, घरातील दुखणे बरे झाले, पेरणीस वेळेवर पाऊस मिळाला, अशा अनेक गोष्टींबद्दल तीत देवाचे आभार मानिले जातात. आणि या सर्वांच्या मुळाशी असलेल्या एका मोठ्या उपकाराचे, म्हणजे प्रभू येशू ख्रिस्ताच्या द्वारे झालेल्या तारणाचे, स्मरण केले जाते. आमच्यासारख्या शाळेत शिकणारे सर्व धर्मांचे विद्यार्थी हे शब्द वारंवार ऐकतात. तथापि तारण म्हणजे नेमके काय, रक्षण म्हणजे काय, आणि या दोहोंबद्दल मानावयाची कृतज्ञता कशा प्रकारची असावी, याचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात तो विचार आम्ही नांदेड व लातूर या जिल्ह्यांच्या अनुभवाच्या आधारे करण्याचे योजिले आहे.

प्रथम शब्दाकडे वळू. ‘तारण’ हा शब्द मराठी मनुष्याला दोन ठिकाणी भेटतो. एक देवळात आणि दुसरा सावकाराच्या पेढीवर. तरणे म्हणजे पाण्यातून पार होणे, तारणे म्हणजे दुसऱ्याला पार नेणे. पुलांच्या आधीच्या काळी नांदेडास गोदावरी भरून वाहू लागली म्हणजे पैलतीरी जाणाऱ्यास नावेवाचून गती नसे. त्या नावेला आपल्या जुन्या भाषेत तारू म्हणतात. बुडणारा स्वतःला उचलू शकत नाही, त्याला कोणी तरी नावेत ओढून घ्यावे लागते, हा या शब्दातील पहिला भाव होय. पेढीवरील अर्थ याहून निराळा. कर्ज घेताना जी वस्तू ऋणको सावकाराच्या हाती देतो तिलाही तारणच म्हणतात. मुलीच्या लग्नाकरिता, बियाण्याकरिता किंवा दुष्काळात गुराढोरांच्या वैरणीकरिता घरातील पाटल्या किंवा बोरमाळ गहाण पडते. ती वस्तू आपलीच असते. तिच्यावर आपल्या आजीचा हात फिरलेला असतो. परंतु मुद्दल आणि व्याज भरल्यावाचून ती घरी येत नाही. ती सोडवून आणावी लागते, आणि सोडविण्यास मोल पडते.

ख्रिस्ती धर्मशास्त्रातील उद्धाराची कल्पना समजण्यास हा दुसरा अर्थ फार उपयोगी पडतो. मनुष्य मूळचा देवाचाच. पण पापाने तो गहाण पडला, आणि ते ऋण फेडण्याची ऐपत त्याच्यापाशी उरली नाही. तेव्हा ज्याची वस्तू त्यानेच येऊन मोल भरले आणि तिला घरी आणिले, हा शुभवर्तमानाचा सारांश होय. हे मोल सोन्यारुप्याचे नव्हते, वधस्तंभावर वाहिलेल्या प्राणाचे होते, असे ख्रिस्ती मनुष्य मानितो. म्हणून त्याच्या कृतज्ञतेत आनंद असतो तसाच एक संकोचही असतो. जे आपणांस फुकट मिळाले ते कोणाला तरी फार महाग पडलेले आहे, ही जाणीव त्याला सोडीत नाही.

ही कल्पना बायबलाच्या जुन्या करारातही आहे. इस्राएल लोकांच्या नियमशास्त्रात अशी तरतूद होती की, दारिद्र्यामुळे कोणास वतनाची जमीन विकावी लागली, तर त्याच्या जवळच्या नातलगाने ती सोडवून घ्यावी. रूथच्या पुस्तकातील कथा याच रिवाजावर उभी आहे. बेथलेहेमात दुष्काळ पडला म्हणून नामी आपल्या पतीबरोबर व दोन मुलांबरोबर परमुलुखात गेली. तेथे पती गेला, दोन्ही मुले गेली. आणि जवाच्या सुगीच्या आरंभी ती विधवा सुनेला घेऊन रिकाम्या हातांनी गावी परतली. त्यांची जमीन सोडवून घेण्याचा पहिला हक्क ज्या आप्ताचा होता, त्याने आपल्या वतनाचा बिघाड होईल या भीतीने हात आखडता घेतला. बवाजाने मात्र तो भार पत्करिला. जमीन सोडविली आणि परकी, मवाबी रूथ हिला पत्नी म्हणून स्वीकारिले. दुष्काळ, स्थलांतर आणि हातची गेलेली जमीन ही मराठवाड्यास अनोळखी नाहीत. म्हणून ही कथा आमच्याकडील शेतकऱ्यास टीकेवाचून समजते. सोडविणारा तो, जो आप्त असतो आणि तोटा सोसावयास तयार असतो, हे तिचे तात्पर्य आहे.

येथपर्यंत तारणाचा विचार झाला. आता रक्षणाकडे वळताना एक अवघड प्रश्न आपल्यासमोर उभा राहतो, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

१९९३ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या २९ तारखेस अनंत चतुर्दशी होती. लातूर जिल्ह्याच्या औसा भागातील आणि शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्याच्या उमरगे भागातील गावांनी गणपतींचे विसर्जन केले आणि लोक थकून निजले. ३० तारखेस पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. दख्खनचे पठार स्थिर म्हणून समजले जात होते. १९९२ साली या भागात लहान धक्के बसले होते, तरी एवढ्या मोठ्या संकटाची कोणास कल्पना नव्हती. भूकंपाचा उगम जमिनीखाली फार खोल नसल्याने जवळच्या गावांस हादरा जबर बसला. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, होळी अशी कित्येक गावे काही क्षणांत दगडमातीचे ढीग होऊन गेली. सरकारी नोंदीप्रमाणे सुमारे ८ हजार माणसे दगावली; काही अंदाज १० हजारांच्या जवळ जातात.

एवढे मृत्यू का झाले, याचे कारण घरांच्या रचनेत होते. मराठवाड्यातील जुने घर दोन-तीन फूट जाडीच्या, मातीत रचलेल्या दगडी भिंतींचे असते, आणि वर मातीचे जड माळवद असते. उन्हाळ्यात ते थंड राहते, थंडीत उबदार राहते. पिढ्यान्‌पिढ्या त्याने माणसांचे रक्षणच केले. परंतु त्या भिंतींतील दगड एकमेकांत गुंतलेले नव्हते. हादरा बसताच त्या फुटून बाहेर कोसळल्या आणि वरील मातीचा भार निजलेल्यांवर आला. याच्या उलट, गावकुसाबाहेर कुडाच्या व गवताच्या झोपड्यांत राहणारी गरीब माणसे पुष्कळ अंशी वाचली. ज्या जाड भिंतींवर भरवसा होता त्यांनी घात केला, आणि ज्या झोपडीची कीव केली जात होती तिने तारिले.

अशा रात्रीतून जो वाचला त्याने ‘देवाने मला राखिले’ असे म्हणणे अगदी स्वाभाविक आहे, आणि तसे म्हणण्याचा त्याचा अधिकार कोणी हिरावून घेऊ नये. परंतु वर्गात एखादा विचारी विद्यार्थी लागलीच विचारितो : मग जे गेले त्यांना देवाने का राखिले नाही? या प्रश्नाचे घाईने दिलेले उत्तर बहुधा क्रूर असते. गेलेले लोक अधिक पापी होते, त्यांनी काही अपराध केला असेल, असे कोणी म्हणू लागला तर त्याची कृतज्ञता ही कृतज्ञता राहत नाही. तो मृतांच्या ढिगावर उभा राहून केलेला अहंकार ठरतो.

याविषयी प्रभू येशूचे मत शुभवर्तमानात स्पष्ट आढळते. यरुशलेमात शिलोह येथील बुरूज पडून १८ माणसे मरण पावली होती. त्या घटनेचा उल्लेख करून त्याने आपल्या श्रोत्यांस सांगितले की, ते अठरा जण नगरातील इतरांहून अधिक अपराधी होते असे समजू नका. उलट त्यावरून तुम्ही आपल्या स्वतःच्या आचरणाचा विचार करा. बुरूज पडला, माणसे दबली, आणि लोक मेलेल्यांचा दोष शोधू लागले. किल्लारीच्या प्रसंगाशी याचे साम्य किती आहे हे निराळे सांगावयास नको. मरण पावलेल्यांचा न्याय करण्याचे काम प्रभूने आपल्या शिष्यांच्या हाती दिलेले नाही. वाचलेल्यांनी आपले आयुष्य तपासावे, एवढेच त्याने मागितले.

दुसरी एक गोष्ट याहूनही विचार करावयास लाविणारी आहे. देव आपल्या भक्ताचे सर्व संकटांतून रक्षण करील, अशा आशयाचे ९१ वे स्तोत्र ख्रिस्ती घरांत मोठ्या आवडीने म्हटले जाते. परंतु शुभवर्तमानात या स्तोत्राचा आधार देऊन बोलणारा कोण आहे? तो सैतान होय. मंदिराच्या शिखरावर येशूला नेऊन, खाली उडी टाक, देवदूत तुला सावरतील, असे तो सुचवितो. आणि येशू ते नाकारितो. पुढे गेथशेमाने बागेत त्याने हा प्याला टळावा अशी प्रार्थना केली, तरी तो टळला नाही. दानीएलाच्या पुस्तकातील तीन तरुणांनी राजाला हेच सांगितले की, आमचा देव आम्हांस अग्नीतून सोडविण्यास समर्थ आहे, आणि त्याने न सोडविले तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमणार नाही. यावरून इतके उघड होते की, इजा न होणे ही ख्रिस्ती श्रद्धेची अट नव्हे. देवाच्या रक्षणाचा करार विमापत्रासारखा नाही. जे सुखरूप राहिले त्यांच्यावर देवाची प्रीती आणि जे गेले त्यांच्यावर नाही, असा हिशेब मांडिला तर वधस्तंभावर मरण पावलेल्या ख्रिस्ताविषयी काय म्हणावे लागेल?

म्हणूनच ख्रिस्ती उपकारस्तुतीचा पाया तारण हा आहे. घराचे रक्षण आज होईल, उद्या होणार नाही. पीक या वर्षी येईल, पुढील वर्षी बुडेल. परंतु सोडविणाऱ्याने आपले मोल भरिले आहे, ही गोष्ट भूकंपाने हलत नाही आणि दुष्काळाने आटत नाही. प्रभुभोजनाच्या विधीला अनेक ख्रिस्ती परंपरांत जे ग्रीक नाव आहे त्याचा अर्थच ‘उपकारस्मरण’ असा आहे. आणि ज्या रात्री येशूने भाकर हाती घेऊन देवाचे आभार मानिले ती त्याच्या धरपकडीची रात्र होती. संकट टळल्यावर आभार सर्वच मानितात. येथे संकट दाराशी आले असता आभार मानिले गेले.

मग पडलेल्या घरात, कोरड्या विहिरीपाशी देवाचे रक्षण मुळीच दिसत नाही काय? आमच्या समजुतीप्रमाणे दिसते. पण ते बहुधा माणसांच्या हातांनी येते. किल्लारीच्या त्या सकाळी बाहेरची मदत येण्यापूर्वी वाचलेल्या गावकऱ्यांनीच पावड्यांनी व उघड्या हातांनी ढिगारे उपसून आपल्या शेजाऱ्यांस बाहेर काढिले. पाठोपाठ सैन्य आले, डॉक्टर आले, देशभरातून सर्व धर्मांच्या सेवासंस्था आल्या. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांस पुण्यास नेऊन त्यांच्या राहण्याची व शिक्षणाची व्यवस्था केली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. आणि इतर शेकडो गावांतून जुन्या घरांची दुरुस्ती करून ती मजबूत करण्यात आली. भिंतींत आडवे जोडदगड घालणे, खिडक्या-दारांच्या वर चहूबाजूंनी काँक्रीटचा सलग पट्टा फिरविणे, माळवदाचा भार कमी करणे, या साध्या उपायांनी पुढच्या हादऱ्यात जीव वाचतात. २०२४ सालच्या मार्च महिन्यात आणि पुन्हा जुलै महिन्यात हिंगोली जिल्ह्यातून उठलेले धक्के नांदेडासही जाणवले. तेव्हा या गोष्टीचे महत्त्व अद्याप संपलेले नाही. रात्री देवाजवळ रक्षण मागावे आणि दिवसा भिंत तशीच ठेवावी, हे मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्यासारखेच आहे.

दुसरे उदाहरण २०१६ सालचे आहे. मांजरा धरण कोरडे पडून लातूर शहरास प्यावयास पाणी राहिले नाही. तेव्हा मिरजेहून सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन निघालेली पहिली आगगाडी १२ एप्रिल रोजी लातुरास पोहोचली, आणि नंतर महिनोन्‌महिने तशा गाड्या येत राहिल्या. लातूरकराच्या घागरीत जे पाणी पडले ते त्याच्या नदीचे नव्हते, त्याच्या विहिरीचे नव्हते. दुसऱ्या जिल्ह्याने आपल्या कृष्णेचे पाणी दिले, आणि शेकडो मैल ते वाहून आणण्याचे श्रम कोणी तरी केले. ‘कृपा’ या ख्रिस्ती शब्दाचा अर्थ शिकविताना आम्हांस याहून चांगले उदाहरण सुचत नाही. घेणाऱ्याने काही मिळविले नव्हते. देणाऱ्याने मात्र काही खर्चिले होते.

असा उपकार घेतल्यावर मनुष्याने काय करावे? दहा कुष्ठरोग्यांची कथा आपण जाणतो. दहाही बरे झाले. परत येऊन पाया पडला तो एकच, आणि तोही यहूदी लोक ज्यांना परके मानीत त्या शोमरोनी लोकांपैकी. बाकीचे नऊ जण वाईट होते असे नाही. त्यांना घरी जाण्याची घाई झाली असेल. उपकार विसरण्याचे कारण पुष्कळदा दुष्टपणा नसतो, घाई असते. आणि परतणे म्हणजे केवळ तोंडाने आभार मानणे नव्हे, हे दाखवून देणारे एक थोर चरित्र आपल्या महाराष्ट्रातच घडले आहे.

पंडिता रमाबाई यांचा जन्म १८५८ सालचा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे आणि आई लक्ष्मीबाई ही दोघेही १८७४ साली दुष्काळाच्या दिवसांत, तीर्थयात्रेच्या वाटेवर, उपासमारीने खंगून मरण पावली. मागे राहिलेली बहीणभावंडे उपाशीतापाशी देशभर पायी फिरली, आणि १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथे संस्कृत विद्वत्तेबद्दल रमाबाईंचा गौरव झाला. पुढे भाऊ गेला, पती गेले, आणि पदरी एक लहान मुलगी राहिली. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती दीक्षा घेतली, आणि १८८९ साली मुंबईस शारदा सदन काढिले. १८९६-९७ साली मध्यप्रांतात भयंकर दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तेथे गेल्या, आणि सुमारे ३०० अनाथ मुली व स्त्रिया यांना घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगाव येथे त्यांच्याकरिता जो आश्रम उभा राहिला त्याचे नाव त्यांनी ‘मुक्ती’ असे ठेविले. १९०० साली गुजराथेत दुष्काळ पडला तेव्हा पुन्हा तेच झाले.

या चरित्राचा आमच्या विषयाशी संबंध असा की, रमाबाई स्वतः दुष्काळातून वाचल्या होत्या आणि त्यांचे आईबाप वाचले नव्हते. माझे आईबाप का गेले आणि मी का राहिले, हा प्रश्न त्यांच्याइतका कोणास पडला असेल? त्याचे उत्तर त्यांनी वादात शोधिले नाही. बावीस वर्षांनी पुन्हा दुष्काळ पडताच, ज्या मुली त्या काळच्या रमेसारख्या वाटेवर पडल्या होत्या, त्यांना त्यांनी उचलून घरी आणिले. ‘मी का वाचले?’ या प्रश्नाच्या जागी ‘मी कोणाकरिता वाचले?’ हा प्रश्न त्यांनी आपल्या कृतीने ठेविला. सोडविलेल्याने सोडविणारा व्हावे, हाच उपकार फेडण्याचा ख्रिस्ती मार्ग होय.

हा मार्ग केवळ थोरांकरिता आहे असेही नाही. हंगामाच्या सणास शेतकरी ख्रिस्ती माणसे ज्वारीची कणसे, तुरीच्या शेंगा, पायलीभर धान्य मंदिरात आणून ठेवितात. ते धान्य देवाला लागत नाही. ते गरजूंच्या उपयोगी पडावे म्हणूनच वाहिले जाते. नांदेडास सचखंड हुजूर साहिब येथील लंगरात जातधर्म न विचारता पानावर अन्न वाढिले जाते, तेही आपण पाहतोच. कृतज्ञता ताटात उतरली म्हणजे तिची भाषा सर्वांस समजते.

तेव्हा विद्यार्थी मित्रहो, आपण जेव्हा उपकारस्तुतीकरिता मस्तक लववितो, तेव्हा तीन गोष्टी ध्यानात ठेवू. आपण वाचलो यावरून आपण इतरांहून बरे आहो असे समजू नये. जे आपणांस मिळाले त्याचे मोल कोणी भरिले याचा शोध घ्यावा, आणि त्याला विसरू नये. आणि ज्याची वस्तू अजून गहाण आहे, ज्याची घागर अजून रिकामी आहे, त्याच्याकडे जाण्यास उशीर करू नये. किल्लारीच्या मातीत गेलेली मुले आज असती तर तुमच्या आईवडिलांच्या वयाची असती. त्यांची आठवण ठेवून जो आपले घर भक्कम बांधील आणि त्याचे दार शेजाऱ्याकरिता उघडे ठेवील, त्याची उपकारस्तुती पूर्ण झाली असे आम्ही समजतो. अशी कृतज्ञ बुद्धी परमेश्वर आपणां सर्वांस देवो.